जपानी: आधी शब्द की आधी व्याकरण?

ऑफिसात नव्याने जपानी शिकायला लागलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्याभरात हा प्रश्न विचारतोच. मी यंत्रांच्या जपानी मॅन्युअल्सचं भाषांतर करते, म्हणून तो बहुतेक वेळा माझ्याच टेबलावर येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन मूळ लिप्या हाताखाली आल्या की सरळ व्याकरणाला भिडायचं, आणि तेही मराठीतून.

मराठीतून का, तर आपल्याला ते निम्म्या भावात पडतं. क्रियापद शेवटी येतं, 'ला', 'ने', 'चा' यांसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, हे सगळेच सांगतात. खरी गंमत 'ते' रूपात आहे. 'ताबेरु' म्हणजे खाणे, 'ताबेते' म्हणजे खाऊन. 'मिरु' म्हणजे बघणे. मग 'ताबेते मिरु'? खाऊन बघणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे, म्हणून 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. इंग्रजी पुस्तकं यातल्या एकेकावर स्वतंत्र धडा लिहितात. आपल्याकडे 'जरा चाखून बघ' म्हटल्यावर यात बघायचं काय, असं कुणी विचारत नाही.

'निहोंगो गा वाकारु'चंही तसंच. इथे कर्माचा 'ओ' न येता कर्त्याचा 'गा' का येतो, याची इंग्रजी पुस्तकात खास चौकट असते. 'मला जपानी कळतं' म्हणणाऱ्या माणसाला त्या चौकटीची गरज नाही. आपल्याकडेही कळणारी गोष्ट कर्त्यासारखी, प्रत्ययाशिवाय नुसती उभी असते. (विषय दाखवणारा 'वा' आणि हा 'गा' यांतला फरक मात्र मराठी सोडवून देत नाही. तो पुष्कळ वाचूनच अंगवळणी पडतो.)

आधी शब्दच, असा हट्ट धरणाऱ्यांना मी मॅन्युअलमधलं एक नेहमीचं वाक्य देते: 'देन्गेन ओ कित्ते कारा, काबा ओ आकेते कुदासाइ.' वीज बंद करून मग कव्हर उघडा. शब्दांच्या कार्डावर 'किरु' म्हणजे कापणे एवढंच असतं. पण 'किरु' दोन आहेत. कापण्याच्या 'किरु'चं 'कित्ते' होतं आणि कपडे घालण्याच्या 'किरु'चं 'किते'. 'काएरु' परत जाण्याचा असेल तर 'काएत्ते', बदलण्याचा असेल तर 'काएते'. क्रियापद कोणत्या गटातलं हे माहीत नसेल तर पाठ केलेला शब्द वाक्यात ओळखूच येत नाही. आणि 'देन्गेन ओ किरु' म्हणजे वीज बंद करणे, हे तर एकट्या 'किरु'वरून कळणारच नाही. शिवाय 'आकेरु' म्हणजे आपण उघडणे, आणि आपोआप उघडणे म्हणजे 'आकु'. पाडणे-पडणे, तोडणे-तुटणे या आपल्या जोड्यांसारखीच ही जोडी. यंत्राच्या बाबतीत हा फरक चुकला तर कव्हर कुणी उघडायचं तेच कळत नाही.

एवढं व्याकरण बसलं की मात्र गणित उलटतं. मराठी इथे फारशी कामाला येत नाही, शब्द एकेक करून कमवावे लागतात. २०१० पूर्वी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या चार पातळ्या होत्या. सगळ्यांत सोप्या चौथीला साधारण १०० कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) आणि ८०० शब्द, तिसरीला ३०० आणि १५००, दुसरीला एकदम १००० आणि ६०००. मधली ही उडी फारच मोठी होती, म्हणून २०१० साली तिथे एन-३ ही नवी पातळी घातली. अशी अधिकृत शब्दयादी आता जाहीर होत नाही, पण डोंगर तेवढाच आहे. एन-४ (साधारण जुनी तिसरी) नंतर माझा वेळ मुख्यतः शब्दांवरच गेला, व्याकरण जाता जाता होत राहिलं.

त्यातही कांजीचा आधार मोठा. 'देन्गेन'मधलं 'देन' म्हणजे वीज, तेच 'देन्शा' म्हणजे विजेच्या रेल्वेत आणि 'देन्वा' म्हणजे फोनमध्ये. अशी ओळख निघाली की नवा शब्द फार त्रास देत नाही.

कार्डं करायचीच असतील तर क्रियापद एकटं लिहू नका, त्याचा प्रत्यय सोबत घ्या. नुसतं 'आउ' नको, 'हितो नि आउ' लिहा: माणसाला भेटणे. नुसतं 'नोरु' नको, 'बासु नि नोरु': बसमध्ये चढणे. आणि मागच्या बाजूला अर्थ मराठीतच लिहा.