कोर्ट बंद झालं का?

६ फेब्रुवारी २०१८, मंगळवार. सकाळी सव्वाआठला ऑफिस उघडायला गेलो, तर पायरीवर तो बांगलादेशी गवंडी आधीच येऊन बसला होता. मांडीवर नेहमीची प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात पासपोर्टची झेरॉक्स, वर्क परमिटचं कार्ड आणि वहीची फाडलेली पानं. पाच महिन्यांच्या हजेऱ्या त्यानं रोजच्या रोज बंगालीत लिहून ठेवल्या होत्या. सिमेंटच्या हातांनी लिहिल्यामुळे पानांच्या कडा करड्या पडल्या होत्या. मला बघून तो उठला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, कोर्ट बंद हो गया क्या?"

मला उत्तर देता येईना.

मी मूळचा रत्नागिरीचा. मालदीवची राजधानी मालेमध्ये एका वकीलबाईंच्या, म्हणजे आमच्या मॅडमच्या, ऑफिसात हिशेब बघायचो: फी, पावत्या, पगार. कायद्याशी माझा संबंध फाइलीवर नाव घालण्यापुरता. तिथली दिवेही भाषा मात्र कानाला पटकन जवळची वाटली. आकडे म्हणजे एकेह, देह, तिनेह. माशाला मस, मिठाला लोनु. आणि सरन्यायाधीशाला म्हणतात 'उत्तम फंडियारु'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या कानांना त्यात 'उत्तम पंडित' ऐकू आलं होतं. आदल्या रात्री त्या देशाच्या उत्तम फंडियारुंनाच अटक झाली होती.

सुरुवात झाली गुरुवारी, १ तारखेला. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून लोक रात्री निवांत असतात. दहाच्या सुमारास सुप्रीम कोर्टाचा आदेश बाहेर आला. पाचही न्यायमूर्तींचं एकमत. माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्यासह नऊ नेत्यांना सोडा, त्यांचे खटले नव्यानं चालवा, आणि पक्ष सोडला म्हणून ज्या बारा खासदारांची पदं काढून घेतली ती त्यांना परत द्या. बारा खासदार परत आले की ८५ जणांच्या मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, अध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांचं बहुमत जाणार, हे रस्त्यावरच्या पोरासोरांनाही कळत होतं. खिडकीतून मजीदी मगू या मुख्य रस्त्याकडे पाहिलं, तर स्कूटर, नशीदांच्या पक्षाचे पिवळे झेंडे आणि हॉर्नचा नुसता गजर. आदेश पाळू म्हणणाऱ्या पोलीस आयुक्तांना त्याच रात्री काढून टाकलं.

या कोर्टाकडून कुणी अशी अपेक्षाच केली नव्हती. याच कोर्टानं २०१३ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी रद्द केली होती. २०१४ च्या डिसेंबरात मजलिसनं कायद्यात बदल करून न्यायमूर्तींची संख्या सातावरून पाचावर आणली आणि त्या वेळच्या सरन्यायाधीशांसह दोघांना घरी पाठवलं. उरलेले पाच सरकारचेच, असं सगळे धरून चालले होते.

सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर आणीबाणी जाहीर झाली, पंधरा दिवसांची. थीमुगे हा एके काळचा अध्यक्षांचा वाडा, तिथे तेव्हा सुप्रीम कोर्ट भरायचं. त्या इमारतीला सैन्यानं वेढा घातला. न्यायमूर्ती आतच होते. पहाटे सरन्यायाधीश अब्दुल्ला सईद आणि न्यायमूर्ती अली हमीद यांना नेलं. त्याच रात्री ममून अब्दुल गयूम यांनाही. तीस वर्षं देशावर राज्य केलेले, ऐंशीचे गयूम, आणि यामीन त्यांचे सावत्र भाऊ. सोडायच्या नऊ जणांत गयूमांचा मुलगाही होता. माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. इथे राजकारण बातम्यांत नसतं, जेवणाच्या ताटाशी असतं. मॅडमचा भाऊ पोलिसात, मामा सत्ताधारी पक्षात, वर्गमैत्रीण कोर्टात लिपिक. तिन्ही घरांचे फोन त्या रात्री त्यांना आले होते.

(पुढे जूनमध्ये गयूम आणि सईद दोघांनाही तपासासाठी मोबाइल दिले नाहीत म्हणून एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. सप्टेंबरात यामीन निवडणूक हरले. पण त्या मंगळवारी यातलं काहीच कुणाला दिसत नव्हतं.)

मॅडम नऊला आल्या. डोळे लाल. रात्री थीमुगेसमोर गेल्या होत्या, पेपर स्प्रेचा फवारा त्यांच्यापर्यंत पोचला होता. बेसिनवर बराच वेळ तोंड धुतलं. तेवढ्यात माझ्या आईचा फोन. भारत सरकारनं मालदीवला जाऊ नका म्हणून सांगितल्याची बातमी तिनं पाहिली होती. "अरे, मिळेल त्या विमानानं ये बघू. तुला काय पडलंय त्यांच्या कोर्टाचं?" मी 'संध्याकाळी बोलतो' म्हणून फोन ठेवला.

गवंड्याचा प्रश्न मी मॅडमना सांगितला. त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "त्याला आत बोलाव. अर्ज आज टाइप करायचाय."

मजुरी थकल्याची तक्रार एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे करायची होती. दीड-दोन तास त्यांनी एकेक पान घेतलं. तो बंगालीत वाचायचा, मला हिंदीत सांगायचा, मी मॅडमना इंग्रजीत, त्या दिवेहीत टाइप करायच्या. कीबोर्डवरची अक्षरं स्क्रीनवर उजवीकडून डावीकडे सरकत होती. कुठल्या शुक्रवारी काम केलं, कुठल्या दिवशी पाऊस म्हणून सुट्टी, सगळं. एका पानावर हजेरीऐवजी फक्त एक रेघ होती. त्यानं सांगितलं, त्या दिवशी ताप होता. मॅडमनी तो दिवस वगळला. "पगार मागताना एक दिवससुद्धा जास्तीचा नको," म्हणाल्या.

खाली रस्त्यावर घोषणा सुरू झाल्या तसा तो खुर्चीत आक्रसला. परदेशी माणूस घोळक्यात दिसला तर थेट मायदेशी पाठवतील, हे भय प्रत्येक मजुराच्या मनात असतं. मॅडमनी उठून खिडकी लावून घेतली.

दुपारी रोशी (तिथली पोळी) आणि मसहुनी (मासा-खोबऱ्याचं कालवण) खाताना मी विचारलं, "तुम्ही नशीदांच्या बाजूच्या ना?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. २०१२ च्या जानेवारीत नशीद अध्यक्ष असताना त्यांच्या सरकारनं फौजदारी कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांना लष्कराकरवी पकडून ठेवलं होतं. तेव्हाही मॅडम रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि नशीदांना मानणाऱ्या त्यांच्या दोन मैत्रिणी अजून बोलत नाहीत. त्याच प्रकरणात २०१५ साली नशीदांना दहशतवादाच्या कलमाखाली तेरा वर्षं सुनावली, तर मॅडम त्या निकालाच्याही विरोधात. "न्यायाधीशाला उचललं की तो कुणाचा, हे विचारायचं नसतं," त्या म्हणाल्या. "आज तुझ्या गवंड्याला जे विचारावंसं वाटलं, ते लोकांना वाटू लागतं."

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. आईला मी काय सांगायचं, तेही तिथेच ठरलं.

रात्री उशिरा मॅडमचा पुन्हा फोन. ऑफिसात ये, प्रिंट काढायचीय. उरलेल्या तीन न्यायमूर्तींनी नऊ जणांना सोडण्याचा भाग मागे घेतला होता. अध्यक्षांनी मांडलेल्या अडचणी पाहता, असं कारण. मी दोन प्रती काढल्या. मॅडमनी वाचल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. गुरुवारचा आदेश ज्या फाइलीत होता, त्याच फाइलीत मला दुसरा लावायला सांगितला. मी पंच मारून लावला. खाली पाच जणांचा, वर तिघांचा.

निघताना त्यांनी गवंड्याची फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवली. मी जिन्यातूनच त्याला फोन लावला. तो झोपला नव्हता. म्हटलं, उद्या नऊला ये, पिशवी घेऊन ये, पानं मूळची लागतील.