कॅशे तीनदा साफ केला, आणि दोष होता दोन उघड्या टॅबांचा

तीन संध्याकाळी एका ऑनलाइन अर्जाने खाल्ल्या. अर्ज तीन पानांचा होता. पहिलं पान मी आठवडाभर सवडीने भरत होतो आणि ते ब्राउझरमध्येच मसुदा म्हणून साठत होतं. शेवटी ‘पुढे जा’ दाबलं, तर एक गोल चकती फिरायला लागली आणि फिरतच राहिली.

बाकी सगळ्या साइट्स चालू होत्या. हे आधी बघावं. मागे एकदा लॅपटॉपचं घड्याळ दोन वर्षं मागे गेलं होतं, तेव्हा जवळपास प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून ओरडत होती, कारण सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत त्या घड्याळावरूनच तपासली जाते. इथे रुसली होती एकच साइट, म्हणून इंटरनेट आणि घड्याळ दोन्ही संशयातून सुटले.

मदतकक्षाला फोन लावला.

“सर, कॅशे क्लिअर करा.”

कॅशे म्हणजे ब्राउझरने जवळ ठेवलेल्या पानांच्या नि चित्रांच्या प्रती. केला. चकती तशीच. पुन्हा फोन, दुसरा आवाज, तेच वाक्य. तिसऱ्यांदा मीच आधी सांगितलं की कॅशे झालाय, तर पलीकडून उत्तर आलं, “पुन्हा एकदा करून बघा ना, सर.” मग विचारलं, “ब्राउझर पूर्ण बंद करून उघडलात का?” मी म्हटलं, “हो.” या ‘हो’बद्दल पुढे सांगतो.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी, विंडोत मात्र अर्ज लोण्यासारखा चालत होता! पण तिथे पहिलं पान कोरं, कारण ती विंडो नेहमीचा साठा बघत नाही. चाळीसेक रकाने पुन्हा भरायची माझी तयारी नव्हती. इन्कॉग्निटोत साइट चालली की पहिला संशय एक्स्टेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जोडण्यांवर, घ्यावा, कारण आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ती तिथे चालत नाहीत. माझ्याकडे अकरा निघाली. त्यातली चार कधी घेतली तेही आठवेना. सगळी बंद केली, तरी चकती फिरतच होती. (एक्स्टेन्शनच दोषी असेल तर निम्मी निम्मी चालू करत जावं, चटकन सापडतं.)

मग कंट्रोल-शिफ्ट-आर. साध्या रिफ्रेशपेक्षा हा कडक, पान थेट सर्व्हरकडून ताजं मागवतो. आणि पहिलं पान चक्क सरकलं! मी खुर्चीतून उठलो. दुसऱ्या पानावर तीच चकती. तिथे पुन्हा कडक रिफ्रेश केला, तर अर्जाने मला पहिल्या पानावर आणून सोडलं. हा सापशिडीचा खेळ मी तासभर खेळलो. रिफ्रेशने एकदा चालतं आणि पुढच्या पानाला बिघडतं, ही खरी खूण होती. मला ती वाचता आली नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. ती वेबसाइटच्याच कामात आहे. तिने एफ१२ दाबायला लावलं, त्याने ब्राउझरची आतली तपासणीची चौकट उघडते. नेटवर्क भागात लाल ओळ दिसली, ४०४. म्हणजे माझं पान अशी एक फाइल मागत होतं जी सर्व्हरवर उरलीच नव्हती. मग तिने अ‍ॅप्लिकेशन या भागात जाऊन सर्व्हिस वर्कर उघडायला सांगितलं. तिथे दोन नोंदी होत्या, एक चालू आणि दुसरी ‘वेटिंग टू अ‍ॅक्टिव्हेट’.

“मामा, या साइटचे टॅब किती उघडे आहेत?”

दोन. एक पिन केलेला, महिनाभर तसाच.

“आणि ब्राउझर शेवटचा कधी बंद केलास?”

मी गप्प. लॅपटॉपचं झाकण मिटतो, तेच माझं बंद करणं. मदतकक्षाला मी चक्क खोटं सांगितलं होतं, कारण तीस टॅब बंद करायचे जिवावर आलं होतं.

तिने समजावलं ते असं. सर्व्हिस वर्कर म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये बसवलेला एक मधला माणूस. क्रोममध्ये ही सोय २०१५ पासून आहे. आपण पान मागितलं की ते आधी त्याच्याकडे जातं, आणि तो हवं तर स्वतःच्या साठ्यातलं जुनं पान हातावर ठेवतो. जुनं पान जुनीच फाइल मागतं, म्हणून ते ४०४. साइट बदलली की नवा माणूस येतो खरा, पण जुन्याच्या ताब्यातला एकही टॅब उघडा असेल तोवर तो सहसा दाराबाहेर थांबतो. साध्या रिफ्रेशने जुना हलत नाही. कडक रिफ्रेश त्याला तेवढ्यापुरता वगळतो. आणि ‘कॅश केलेल्या प्रतिमा आणि फाइल्स’वर खूण करून आपण जे पुसतो, त्यात त्याचा साठा येतच नाही. तो साइट डेटामध्ये, म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या माहितीत, मोडतो. मी तीनदा झाडू मारला तो भलत्याच खोलीत!

दोन्ही टॅब बंद केले, पत्ता नव्याने टाकला. मसुदा जसाच्या तसा. चार मिनिटांत अर्ज गेला, क्रमांक आला. मदतकक्षातल्या एकाने तरी ‘त्या साइटचे सगळे टॅब बंद करा’ एवढं नेमकं म्हणायला हवं होतं. माझ्या खोट्यानंतरही मला ते वाटतंच.

हां, एक राहिलं. टॅब बंद करूनही भागलं नाही तर साइट डेटा पुसावा लागतो, पण सगळ्या जगाचा नको, नाहीतर दिवसभर लॉगिन करत बसाल. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबलं की त्या एकाच साइटचा डेटा काढता येतो. त्यात ब्राउझरमध्ये साठलेला मसुदाही जातो, म्हणून आधी भरलेला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या. आणि एकदम सगळं पुसायच्या यादीत पासवर्डवर खूण नाही ना, हे बघा. माझी होती. नशीब, दाबायच्या आधी दिसली.