कंसातले नाव

जुनी कागदपत्रे वाचून देण्याच्या माझ्या व्यवसायात प्रत्यक्ष मोडी वाचण्याचे काम निम्म्याहूनही कमी असते. मोडी सरावाने येते. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्या माणसाला कोणत्या नोंदीची नक्कल घ्यायला सांगायची आणि कोणत्या नोंदीवर पैसे घालवू नका म्हणायचे, हे मात्र वीस वर्षांनंतरही मला दर प्रकरणात नव्याने ठरवावे लागते. नक्कल फी फारशी नसते; खर्च होतो तो शोधण्याच्या दिवसांचा, हेलपाट्यांचा आणि माझ्या वाचनाचा. म्हणून पाचसहा कागदांपैकी दोनतीनच निवडण्याची वेळ बहुतेकांवर येते.

गेल्या पावसाळ्यात आलेले काका पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि बँकेतल्या माणसाला शोभेल अशी नीटनेटकी यादी घेऊन आलेले. मुलगी अमेरिकेत, नातवंडांसाठी वंशावळ छापायची होती. घरात चालत आलेली हकीकत अशी की, १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, पणजोबा आणि पणजी एकाच आठवड्यात गेले, तीन वर्षांचे आजोबा पोरके झाले आणि त्यांना चुलत्यांनी वाढवले. त्या चुलत्यांचा फोटो आजही देवघराच्या भिंतीवर आहे आणि दसऱ्याला त्याला हार घालतात, असे काकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले.

यादीत सर्वांत वर पुण्याच्या पेशवे दफ्तरातला कागद होता. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांच्या यादीत तो वरच असतो, कारण प्रत्येकाला आपला पूर्वज कुठल्यातरी मोहिमेत घोड्यावर बसलेला हवा असतो. त्या दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, कोट्यवधी कागदांचे आहेत आणि गावचे, वतनाचे किंवा सरदाराचे नाव हातात नसताना त्यात शिरणे म्हणजे वाळवंटात सुई शोधणे. तो कागद मी यादीतून काढला. दुसरा होता आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरातला उतारा. तो त्यांच्याकडे होताच आणि त्यावर जन्मतारीख १ जून १९१५ होती. महाराष्ट्रातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म मास्तरांच्या कृपेने १ जूनला झालेला आहे, तेव्हा त्या उताऱ्यावर मी वर्षापुरताच विश्वास ठेवते. तिसरी होती आजोबांची जन्मनोंद, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्या गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली, गाव नमुना १४ मधली. तिथे मुलाचे नाव बहुधा नसतेच. बापाच्या नावापुढे नुसते मुलगा किंवा मुलगी असते, आणि एका गावात एकाच नावाचे तीन बाप सहज सापडतात. तीही मी मागे ठेवली.

उरल्या त्या पणजोबा आणि पणजी यांच्या मृत्यूच्या दोन नोंदी आणि वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर मयताच्या जागी वारसांचे नाव लागल्याची नोंद. काकांना मृत्यूच्या नोंदी दोन्ही हव्या होत्या, फेरफार नको होता. जमीन तर केव्हाच विकली, आता त्याचे काय करायचे, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना समजावले की, माणूस मेल्यावर सरकारला दुःख नसते पण शेतसारा कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न असतो, त्यामुळे मृत्यूच्या नोंदीत जे दोन शब्दांत उरकलेले असते ते फेरफारात नात्यासकट येते. शिवाय दोघे एकाच आठवड्यात गेले असतील तर दोन्ही नोंदी एकाच पानावर सापडतील, तेव्हा टंकलिखित उतारे दोन न घेता अख्ख्या पानाची साक्षांकित छायाप्रत घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत फेरफार घ्यावा. ही काटकसर माझी, आणि पुढचे सगळे त्या काटकसरीतूनच निघाले.

छायाप्रतीचा आग्रह मी नेहमी धरते. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे, अशी ती लिपी. उतारा करून देणाऱ्या कारकुनाला मोडी येत नसते आणि ज्याला येते त्याला वेळ नसतो. उताऱ्यात बिन म्हणजे अमक्याचा मुलगा आणि कोम म्हणजे अमक्याची बायको, एवढ्या दोन शब्दांची गल्लत झालेली मी पाहिली आहे, आणि एकदा शिक्का बसला की ती गल्लत पुढच्या पिढ्यांची वंशावळ होते.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही गेलो तेव्हा तिथे तोबा गर्दी होती. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांनी या खोल्या भरलेल्या असतात. त्यांच्या गरजेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण थुंकी लावलेल्या बोटाने शंभर वर्षांचे पान उलटणाऱ्याला, आणि ते समोर बसून पाहणाऱ्या शिपायालाही, मी मनातल्या मनात काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

ऑक्टोबर १९१८ चे पान मिळाले. त्या साथीने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली, हे मी अनेकदा वाचले होते. पण ती संख्या एका खेड्याच्या वहीत कशी दिसते ते त्या पानावर कळते. महिन्याला एक-दोन नोंदी करणारी लेखणी आता एका दिवसात सहा नोंदी करते आहे. मृत्यूच्या कारणात मानमोडी हा शब्द नाहीच. पहिल्या ओळीत ताप लिहिले आहे, त्याखाली सदर, सदर, सदर. महिन्याच्या मध्यावर अक्षर बदलते. पहिला लिहिणारा आजारी पडला की गेला, हे शोधायला मी पुढची पाने पाहिली, जुने अक्षर परत आले नाही.

पणजोबा त्या पानावर होते. पणजी नव्हती. पुढच्या दोन महिन्यांतही नव्हती. कारकून म्हणाला, अशा गडबडीत कोण लिहितो, राहिली असेल. हवे तर नोंद आढळून येत नाही असा दाखला घ्या. लोक असा दाखला घेतातही आणि तो पुरावा म्हणून जपून ठेवतात. काका घ्यायला निघालेच होते, मी त्यांना थांबवून फेरफाराच्या वह्यांकडे वळवले.

फेरफाराच्या वहीला वर्ष नसते, अनुक्रमांक असतो. काकांकडच्या जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर वर्तुळात जो क्रमांक होता तो धरून मी मागे मागे गेले आणि दुपारी तीनच्या सुमाराला १९१९ चा फेरफार सापडला. मयताचे वारस दोन: बायको आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मुलगा. मुलाच्या नावापुढे अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून आईचे नाव. ती जिवंत होती.

पुढचा क्रमांक शोधायला कुणी सांगितले नव्हते. सवयीने शोधला. तो १९२१ चा. सदर बाईने शेजारच्या तालुक्यातल्या अमुक गावी पाट लावल्यामुळे, म्हणजे दुसरे लग्न केल्यामुळे, तिचे नाव कमी करून मुलाचे अ. पा. क. म्हणून चुलत्याचे नाव दाखल केले, आणि वर्दी, म्हणजे या बदलाची खबर, त्या चुलत्यानेच दिलेली. कायद्याने यात वावगे काही नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने तिला लग्नाची मोकळीक दिली तशी पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्कही काढून घेतला होता. आमच्या भाषेत याला नावाला कंस होणे म्हणतात. कंसात गेलेले नाव कागदावर राहते, हक्कात राहत नाही.

काका बाहेर चहा प्यायला गेले होते. कोणत्या नकला घ्यायच्या हे ठरवायला माझ्याकडे दहा मिनिटे होती. पहिल्या फेरफाराने पोरकेपणाची हकीकत अर्धी मोडत होती, दुसऱ्याने भिंतीवरचा फोटो हलत होता. दुसऱ्याबद्दल मी काही बोलले नसते तर कुणाला कळले नसते. मी दोन्हींच्या नकलांचा अर्ज भरला, कोर्ट फीचे तिकीट लावले आणि काका आल्यावर दोन्ही त्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ वर्दी देणाऱ्याच्या नावाकडे पाहत होते. मग म्हणाले, “ताई, चुलत्यांनी आजोबांना शिकवलं, हे तर खरंच ना?” ते खरेच आहे, मी म्हणाले, शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून त्यांचेच नाव आहे.

नकला आठ दिवसांनी मिळाल्या. काकांनी पैसे चोख दिले, मृत्यूचे पान आणि पहिला फेरफार नेला, दुसऱ्याची प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही तुमच्याकडेच राहू द्या.”

दिवाळीनंतर छापील वंशावळ टपालाने आली. कागद उत्तम, छपाई सुबक. बहुतेक वंशावळींत बायका नसतातच. काकांनी प्रत्येक बाईचे नाव घातले आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटले. पणजीच्या नावाखाली मृत्यू १९१८ असे छापले आहे. शेवटच्या पानावर आभार आहेत, आणि सर्व नोंदी मूळ अभिलेखांवरून तपासून देणाऱ्या म्हणून माझे नाव आहे.

पोच द्यायला हवी होती. अजून दिलेली नाही. ज्या गावी ती गेली त्याचे नाव फेरफारात आहे, त्या तालुक्याच्या कचेरीत महिन्यातून एकदा माझे जाणे होते आणि तिथल्या नमुना १४ च्या वह्या कोणत्या कपाटात आहेत ते मला ठाऊक आहे. नकलेच्या अर्जात अर्जदाराचे नाते आणि नक्कल कशासाठी हवी, असे दोन रकाने असतात. गेल्या खेपेला तो अर्ज मी हातात घेतला होता.