ॲल्युमिनियमची होडी रंगवताना खरं काम रंगाच्या आधीच असतं

मामांची होडी रंगवून झाली एकदाची! पानशेतकडच्या शेतावर कित्येक वर्षं पालथी पडून होती, ती टेम्पोत घालून धायरीला घरी आणली आणि पार्किंगमध्ये लाकडी घोड्यांवर चढवली. मामा म्हणाले, "अरे भंगारात घाल, किलोवर पैसे येतील." पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, धरणाच्या गोड्या पाण्यात ते सहसा सडतही नाही, मग असा पत्रा भट्टीत घालायला माझं मनच होईना.

खरं तर गोड्या पाण्यात या धातूला रंग नसला तरी चालतं. वाईट असतो तो अर्धवट सुटलेला रंग, कारण पोपड्यांच्या आत पाणी धरून राहतं आणि तिथे पत्र्याला बारीक खड्डे पडत जातात. म्हणून एकतर सगळा काढा नाहीतर हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गळती शोधायची. होडी सुलटी ठेवून आत चार बोटं बोअरचं पाणी भरलं आणि खालून जिथे थेंब दिसला तिथे मार्करनं खूण केली. जास्त भरू नका, शंभर लिटरलाच एक क्विंटल वजन होतं, घोडी नीट भक्कम पाहिजेत. गळत होते ते बहुतेक ढिले पडलेले रिव्हेट, ते काढायची गरज नसते, मामांनी आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरला आणि मी बाहेरून हातोडीनं ठोकत गेलो, रिव्हेट पुन्हा घट्ट बसतो. जे अगदीच गेले होते तिथे बंद टोकाचे पॉप रिव्हेट घातले, साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात, त्यातून पाणी येतंच. वरून पॉलीयुरेथेन सीलंट.

मग घासकाम, आणि इथे घाई करू नका प्लीज. रिमूव्हर घेताना डबा वाचा, कॉस्टिक सोडा असेल तर नको, सोडा ॲल्युमिनियम खातो (घरात जर्मनचं पातेलं सोड्यानं घासलं की काळं पडतं ना, तेच). लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर तिथूनच गंज आणि खड्डे सुरू होतात, स्टेनलेसचा घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून चांगला मास्क लावून, पाणी मारत ओलं घासायचं, आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेनं क्षणात ऑक्साइडचा पातळ थर बसतो, हाच थर धातूला वाचवतो पण रंगाला तो धरू देत नाही, आणि जितका वेळ जाईल तितकी त्यावर धूळ, ओल, हाताचं तेल साठत जातं. म्हणून थिनरनं पुसून, शेवटचं घासून, त्याच दिवशी प्रायमर. नेहमीचा रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, तो इथे टिकत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअर सगळं मिळेल, पण प्रायमरसाठी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जा आणि ॲल्युमिनियमवर चालणारा टू-पॅक (दोन डब्यांतलं मिसळून लावायचा) इपॉक्सी मागा. एच प्रायमर (etch, म्हणजे ॲसिड असलेला) वापरणार असाल तर त्यावर तुमचा इपॉक्सी चालतो का हे आधी विचारून घ्या, ॲसिडमुळे काही इपॉक्सी नीट सेट होत नाहीत.

वेळ कुठली निवडता यावर खूप अवलंबून आहे. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत हा उद्योग नकोच, दिवाळी ते होळी उत्तम, पण थंडीतही पहाटे पत्रा गार असतो आणि त्यावर दव धरतं, डोळ्याला दिसत नाही पण रंगाखाली अडकतं, म्हणून आम्ही ऊन चांगलं वर आल्यावर सुरू करायचो आणि चारच्या आत आवरायचो.

वरचा रंग टू-पॅक पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, स्प्रे गननं उडवलं की त्याचा तुषार फुप्फुसात जातो आणि कापडी मास्कनं काही अडत नाही, त्यामुळे घरच्या पार्किंगमध्ये गन नाहीच. रोलरनं लावायचा आणि लगेच मऊ ब्रशनं हलकेच ओढून घ्यायचा, दोन हातांत मस्त गुळगुळीत होतो. बाहेरून गडद हिरवा दिला, आतून फिका करडा मॅट, कारण एप्रिलच्या उन्हात चकचकीत आतली बाजू डोळ्यांना त्रास देते आणि गडद रंगानं बसायची जागा तापते.

कोकणातल्या एका मित्रानं तळाला तांब्याचा अँटीफाउलिंग रंग (शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो) सुचवला होता. लाकडी होडीला ठीक, पण ॲल्युमिनियमला तांबं लागलं आणि पाणी मिळालं की ॲल्युमिनियमच झिजतं. याच कारणानं मागची कुजलेली फळी बदलताना तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड टाळलं, तसं औषध नसलेला मरीन प्लाय घेतला, कडा इपॉक्सीनं बंद केल्या, आणि स्टेनलेसचे बोल्ट नायलॉन वॉशर घालून सीलंटमध्ये बसवले. बाकाखालचा जुना फोम पाणी पिऊन भलताच जड झाला होता, तोही काढून बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, नवा घातला, बुडायची वेळ आली तर होडीला तोच तरंगत ठेवतो.

आता रंग पूर्ण कडक व्हायला आठवडाभर तशीच ठेवणार आहे. मोटरच्या पट्टीला एक चीर आहे, ती आरगॉन वेल्डिंगवाल्याकडे सुटी नेऊन भरून आणायची राहिलीये.