फोटो डॉक्युमेंट करून टाका

व्हॉट्सॲप आपण सगळेच वापरतो पण ते खरं कळलंय कुणाला असं विचाराल तर मी म्हणेन झेरॉक्सवाल्याला. तहसील कचेरीसमोरचा असू दे नाहीतर कॉलेजच्या गेटजवळचा, सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडंच असतं, काउंटरला नंबर लिहिलेला कागद चिकटवलेला असतो आणि दिवसभर त्या नंबरवर अनोळखी लोकांची कागदपत्रं येऊन पडत असतात. आधार, सातबारा, दहावीचं मार्कशीट, रेल्वेचं तिकीट, कुणाचा तरी एक्सरे, सगळं एकाखाली एक. आपल्या चॅट लिस्टमध्ये मामा-मावशी असतात, याच्या लिस्टमध्ये नुसते नंबर. हाय नाही, गुड मॉर्निंग नाही, डायरेक्ट पीडीएफ. "काका, मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे सांगा" हाच याचा नमस्कार.

आणि ई-आधारची पीडीएफ आली की अजून एक गंमत असते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. हे झेरॉक्सवाल्याला पाठ असतं, आपल्याला नसतं. मग तो मान वर न करता विचारतो, "मावशी, जन्मसाल कोणतं?" आणि मागं रांगेत ओळखीची चार माणसं उभी असतात. आवाज एकदम खाली जातो, तो म्हणतो "काय म्हणालात?", आणि मग ते साल सगळ्या दुकानाला ऐकू जातं.

व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर आलं जानेवारी 2015 मध्ये. तेव्हा ते फक्त क्रोममध्ये चालायचं आणि आयफोनवाल्यांना तर अजून काही महिने थांबावं लागलं होतं. त्याआधी मोबाइलमधला फोटो कॉम्प्युटरवर न्यायचा म्हणजे केबल शोधा, केबल सापडली तर ती नेमकी दुसऱ्या पिनची, नाहीतर मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरला लावा, नाहीतर पेनड्राइव्ह, आणि पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा तो व्हायरस ज्यानं त्या काळात निम्म्या महाराष्ट्राचे प्रोजेक्ट खाल्ले असतील. ब्लूटूथ होतं म्हणा, पण ते एका फोटोला पेअर करता करता दोघांचीही चहाची वेळ व्हायची. मग हे आलं. स्क्रीनवरचा तो काळापांढरा चौकोन फोननं स्कॅन करायचा की झालं. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीनं मोटारींच्या पार्टचा हिशोब ठेवायला काढला होता, आणि आपल्याकडं आज भाजीवालीच्या टोपलीलासुद्धा तो लटकलेला असतो. पण पैसे द्यायला स्कॅन करायच्या आधी कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप लावायला स्कॅन केलेली माणसं बरीच असणार, यूपीआय आलं तेच मुळी 2016 मध्ये.

सुरुवातीला एक अडचण होती की फोन चालू आणि नेटवर असला तरच कॉम्प्युटरवरचं चालायचं. फोन डेड झाला की वर पिवळी पट्टी, फोन कनेक्टेड नाही. म्हणजे एवढं मोठं मशीन त्या एवढ्याशा फोनच्या जिवावर. 2021 पासून ते हळूहळू सुटलं, आता फोन बंद असला तरी कॉम्प्युटरवर चालतं, एका नंबरवर चार साधनं जोडता येतात. झेरॉक्सवाल्यांनी तेव्हा पेढे कसे वाटले नाहीत कोण जाणे.

असो. मला खरं बोलायचंय ते फ्लेक्सवाल्याबद्दल. माझा एक मित्र तालुक्याच्या गावात फ्लेक्सचं दुकान चालवतो, म्हणजे डिझाईन तोच करतो, प्रिंटिंग बाहेरून आणतो. संध्याकाळी त्याच्याकडं बसायला जायचं म्हणजे मला एखादं नाटक बघायला गेल्यासारखं वाटतं, फक्त तिकीट नाही आणि चहा फुकट. त्याच्या तोंडात दिवसभर एकच वाक्य असतं, "फोटो डॉक्युमेंट करून टाका." फोनवर तेच, समोर आलेल्याला तेच, व्हॉट्सॲपवर तर त्यानं ते टाईप करून कॉपीच करून ठेवलंय, नुसतं कंट्रोल व्ही. आणि तरीही लोक फोटो फोटोच करून टाकतात.

यात नक्की काय होतं ते मला त्याच्याच शेजारी बसून कळलं. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप जाताना बारीक करतं, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं. फोननं काढलेला फोटो असतो 4000 बाय 3000 चा. हिशोब केला तर पिक्सेल जेमतेम सहावा हिस्सा उरतात. फोनच्या स्क्रीनवर काही म्हणजे काही फरक दिसत नाही म्हणून पाठवणाऱ्याला पटतच नाही, तो म्हणतो "अहो मला तर क्लिअर दिसतोय!" बरोबर आहे त्याचं. पण तोच चेहरा दहा बाय आठ फुटाच्या फ्लेक्सवर चढवला की फोटो फाटतो. गालावर चौकोन चौकोन दिसायला लागतात, फरशी बसवल्यासारखे.

ते चौकोन कुठून येतात त्याची गोष्ट मला भारी वाटते. जेपेग प्रकारात फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातलं जे डोळ्याला फारसं कळत नाही ते टाकून देतात. त्यामागचं गणित 1974 मध्ये छापून आलं आणि त्या पेपरवर नावं तीन, नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. तिघंही आपल्या इकडून गेलेले, त्यातले अहमद तर बंगळूरचे. जेपेगचं स्टँडर्ड ठरलं 1992 मध्ये, आणि आज आपण पाठवतो त्या बहुतेक फोटोत आणि व्हिडिओतसुद्धा तेच गणित नाहीतर त्याची भावंडं बसलेली असतात. म्हणजे आमच्या भावी नगरसेवकाच्या गालावर जे चौकोन दिसतात त्याचं मूळ असं लांबवर जातं. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे पण गिऱ्हाईक मलाच शिव्या देतं."

डॉक्युमेंट म्हणून टाकलं की ही काटछाट होत नाही, फाईल आहे तशी जाते. 2016 ला फक्त पीडीएफपासून सुरू झालं होतं, 2022 पासून 2 जीबीपर्यंत फाईल जाते. त्यात एक मेख मात्र आहे, आहे तशी जाते म्हणजे फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठं काढला, कधी काढला ही पोटातली माहितीपण सोबत जाते, साध्या फोटोत ती गळून पडते. बॅनरच्या बाबतीत कुणाला त्याची फिकीर नसते, पण घरातल्या लहान मुलांचे फोटो असे कुणालाही पाठवताना जरा विचार केलेला बरा. 2023 मध्ये एचडीचं बटण पण आलं. ते दाबणारा माणूस मात्र या दुकानात अजून माझ्या बघण्यात नाही.

वाढदिवसाच्या बॅनरला मुख्य फोटो एक लागतो, तो उत्सवमूर्तीचा, तो बहुतेक वेळा बरा असतो कारण स्टुडिओत जाऊन हात जोडून काढलेला असतो. खरी मजा खाली शुभेच्छुकांची. वीस-पंचवीस डोकी एका ओळीत बसवायची आणि प्रत्येकाचा फोटो वेगळ्या घरातून आलेला. एकाचा गॉगल लावून बुलेटवर, एकाचा लग्नातला, फेट्यासकट, आणि खांद्यावर कुणाचा तरी हात, तो हात खोडता खोडता मित्राची अर्धी संध्याकाळ जाते. एकानं आधार कार्डाचाच फोटो काढून पाठवलेला, त्यातून तोंड कापून घ्या म्हणून. हे सगळं डाऊनलोड्समध्ये जाऊन पडतं आणि सगळ्यांची नावं एकसारखीच, व्हॉट्सॲप इमेज, पुढं तारीख, पुढं वेळ. कुठला चेहरा कुठल्या नावाचा हे मित्र निव्वळ वेळेवरून ओळखतो, "सहा बावीस म्हणजे उपसरपंच." एकदा मी त्याला म्हटलं फाईलला नावं का देत नाहीस, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

फोटोचं झालं, पण मजकूर? मजकूर हल्ली व्हॉइस नोटमध्ये येतो. लोकांना टाईप करायचा कंटाळा, आणि टाईप करून पाठवलं तरी ते युनिकोडमध्ये, ते त्याच्या कोरलमधल्या, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधल्या, जुन्या फाँटात पेस्ट केलं की नुसती भुतं उमटतात, मग परत कन्व्हर्ट करा. त्यापेक्षा बोललेलं परवडलं. व्हॉइस मेसेज आला 2013 ला, दीडपट-दुप्पट स्पीडनं ऐकायची सोय आली 2021 ला, आणि ती सोय मला वाटतं फ्लेक्सवाल्यांसाठीच केली असावी. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर लावतो, दीडपट स्पीड, हात कीबोर्डवर. "हां भाऊ, वर मोठ्या अक्षरात घ्या, युवकांचे आशास्थान. त्याच्या खाली घ्या, कार्यसम्राट. नको, कार्यसम्राट नको, ते त्यांनी घेतलंय." मागं ट्रॅक्टर चालू असतो, शेळी ओरडत असते आणि लांबून कुणीतरी म्हणत असतं "अण्णांचं नाव आधी घे रे, मागच्या टायमाला खाली गेलं होतं." दीडपट स्पीडला ती शेळीसुद्धा घाईत असल्यासारखी ओरडते. या एका व्हॉइस नोटमधून गावातलं अख्खं राजकारण कळतं, कोण कुणावर रुसलंय, कुणाला वर्तुळात घ्यायचं, कुणाला नुसतं नाव. पेपरात हे येत नाही.

सगळंच काही हसण्यासारखं नसतं. श्रद्धांजलीचा बॅनर लागतो तो तासाभरात लागतो. आणि तेव्हा येणारा फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी ग्रुपवर पूर्वी कधीतरी आलेला, पुन्हा पुन्हा सेव्ह होऊन पाठवलेला, दर वेळी अजून थोडा झिजलेला. मेलेल्या माणसाचा एकटा असा फोटो घरात नसतोच, असतो तो बारशातला नाहीतर वास्तुशांतीतला, आठ माणसांत तिसरा. अशा वेळी मित्र "डॉक्युमेंट करून टाका" म्हणत नाही. तो विचारतो, "हा फोटो कुणाच्या फोनवर काढलेला होता?" मग फोनाफोनी सुरू होते, भाचीच्या फोनवर काढलेला, भाची आता पुण्याला, तिचा तो फोन बदलला पण ड्राइव्हवर असेल बघते म्हणते. आणि आली एकदाची ती पाच-सहा एमबीची फाईल की मित्र ती मोठी करून बघतो आणि मागं उभ्या असलेल्या मुलाला नुसतं म्हणतो, "हा चालेल." मुलगा स्क्रीनकडं बघतच राहतो. फोनवर त्यानं तो फोटो शंभरदा बघितलेला असतो पण वडिलांच्या कपाळावरची ती बारीक खूण त्यात कधी दिसलेली नसते.

पण असले दिवस कमी, वाढदिवस जास्त. डिझाईन झालं की त्याचा जेपीजी परत व्हॉट्सॲपनंच पाठवायचा, प्रूफ बघायला. ते तो मुद्दाम साध्या फोटोसारखं पाठवतो, बारीक होऊनच जाऊ दे म्हणतो, नाहीतर लोक तेच दुसरीकडं नेऊन स्वस्तात छापतात. मग उलट उत्तरं. नाव बारीक झालं. अण्णांचा फोटो अजून वर. फायनल. फायनल दोन. फायनल ओके. प्रिंटिंगला फाईल गेली, मशीन सुरू झालं, रात्रीचे साडेदहा वाजलेत, मित्र शटर ओढतोय आणि कॉम्प्युटर टिंग करतो. व्हॉइस नोट. "भाऊ, आमच्या साडूंचा फोटो राहिला की! आत्ता टाकतो, अर्जंट." आणि येतो तो साडूंच्या डीपीचा स्क्रीनशॉट, वर बॅटरी बारा टक्के आणि खाली लास्ट सीनसकट.