लल्ला झैनब लढली कुठं?

फ्रेंच अमलातल्या अल्जिरियात एका सुफी मठाची गादी सांभाळणाऱ्या लल्ला झैनबवर व्याख्यान दिलं की प्रश्न ठरलेला: "सगळं खरं, पण ती लढली कुठं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं झाशी असते. तशीच हवी असेल तर अल्जिरियातच लल्ला फातमा आहे. तीही झैनबसारखीच रहमानिया सिलसिल्यातली, म्हणजे त्या सुफी पंथातली. कबिलियाच्या डोंगरात फ्रेंच फौजेला नडली, जुलै 1857मध्ये पकडली गेली, 1863मध्ये कैदेतच वारली. तिच्यावर बोललो की कुणी काही विचारत नाही, टाळ्या पडतात.

झैनबनं शस्त्र उचललं नाही, कबूल. पण जून 1897 बघा. बू सादाजवळच्या अल हामेलच्या झावियाचे, म्हणजे मठाचे शेख, तिचे वडील, वारले. मुलगा नव्हता. बू सादाच्या लष्करी कचेरीतल्या कॅप्टन क्रोशारनं त्याआधीच आजारी शेखांकडून चिठ्ठी लिहून घेतली होती: गादी पुतण्याला. वारस कोण ते साहेब ठरवणार! दत्तक नाकारून 1848मध्ये सातारा खालसा झालेला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल नाही. बिनलग्नाची बाई, बसेल गप्प, असा हिशेब असणार.

ती म्हणाली, चिठ्ठी मानत नाही. ग्रंथालय, पुस्तकं, इमारती, कशालाच चुलतभावाला हात लावू दिला नाही. विद्यार्थ्यांना बजावलं, त्याचं ऐकायचं नाही. सिलसिल्यातल्या बाकीच्या मंडळींना पत्रं धाडली. आणि मग (इथं सभागृहात चुळबूळ होते) अल्जिअर्सचा फ्रेंच वकील धरून कॅप्टनची तक्रार थेट त्याच्या वरिष्ठांकडे केली. वरच्यांना गडबड नको होती. गादी तिच्याकडेच राहिली.

"म्हणजे सरकारशी जुळवूनच घेतलं की!" हो, घेतलं. वडिलांनीही घेतलं होतं, आणि फ्रेंचांविरुद्धच्या 1871च्या उठावातून पळालेल्यांना आसराही दिला होता. पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की हा सगळा डावपेच होता. आता तसं म्हणवत नाही. त्या उठावानंतर कबिलियातल्या जमिनी जप्त झाल्या होत्या, आणि हिच्या मठावर तर गोरगरीब आणि विद्यार्थी पोसले जात होते. ते पणाला लावायचे का, हे पुण्यात पंख्याखाली बसून मी कोण ठरवणार?

1902मध्ये लेखिका इझाबेल एबरहार्ट तिला भेटली. तिनं लिहून ठेवलेली झैनब उन्हानं रापलेली, खोकल्यानं बेजार, आपल्या कामाची कुणाला कदर नाही म्हणून खंतावलेली आहे. 1904मध्ये झैनब वारली आणि गादी त्याच चुलतभावाला मिळाली. हेही सांगून टाकतो, नाहीतर चहाच्या वेळी कुणीतरी मोबाइलवर शोधून आणतंच.