तुम्ही विचारलंत म्हणून: धर्मासाठी की जमिनीसाठी?

प्रागला राहायला आल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते. आलेल्याला मी आधी किल्ल्यातली ती खिडकी दाखवते, मग जुन्या शहराच्या चौकात नेते. तिथे फरसबंदीत 27 पांढरे क्रूस बसवलेले आहेत. त्यांची, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या इथल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणाची, गोष्ट सांगून झाली की प्रश्न ठरलेला. परवा पुण्याहून आलेल्या काकांनीही तोच विचारला, "मला एक सांग, हे लोक खरंच धर्मासाठी भांडले, की धर्म नुसता निमित्ताला?" उभ्याउभ्या मी काहीतरी गुळमुळीत बोलले. काका, आता सावकाश सांगते.

खिडकीचा प्रसंग बहुतेकांना अर्धामुर्धा ठाऊक असतो. 23 मे 1618 रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी स्लावाता आणि मार्तिनित्स या बादशहाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना खिडकीतून खाली फेकलं. पाठोपाठ त्यांच्या फाब्रिसियस नावाच्या कारकुनालाही. वीसेक मीटरांवरून पडूनही तिघे वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेनं झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. कारकुनाला पुढे बादशहानं सरदारकी दिली आणि किताब दिला 'होहेनफाल', म्हणजे उंचावरून पडणारा. पाहुणे इथे हसतात, आणि मूळ भांडण काय होतं ते विचारायचं राहून जातं.

भांडण दोन चर्चच्या जागेचं होतं. बादशहा दुसऱ्या रुडॉल्फनं 1609 मध्ये प्रोटेस्टंटांना लेखी सनद दिली होती. तिच्या आधारे राजाच्या जमिनीवर चर्च बांधता येत होतं. ब्रोउमोव आणि ह्रोब या गावांतल्या लोकांनी बांधली, पण ती मठाच्या आणि आर्चबिशपच्या मालकीच्या जागेवर. प्रोटेस्टंटांचं म्हणणं, मठाची जमीन शेवटी राजाचीच. दरबाराचं म्हणणं, मुळीच नाही. एक चर्च बंद करायचा हुकूम निघाला, दुसरं पाडलं. देवाचं नाव निघायच्या आधी वाद सातबाऱ्याचा होता, असं मी म्हटलं तर इथले इतिहासकार नाक मुरडतील. पण आपल्याकडच्या माणसाला ते एका शब्दात कळतं.

पुढे बंडखोरांनी फर्डिनांड या कॅथलिक राजाला (तोच पुढचा बादशहा) गादीवरून काढून फ्रेडरिक या कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाच्या, राजपुत्राला राजा केलं. 8 नोव्हेंबर 1620 ला शहराबाहेर बिला होराच्या टेकडीवर लढाई झाली आणि दोनेक तासांत बंड संपलं. आज तिथे 22 नंबरच्या ट्रामचा शेवटचा थांबा आहे. त्या मोहिमेत कॅथलिक बादशहाच्या बाजूनं कोण उतरलं होतं? सॅक्सनी या जर्मन संस्थानाचा योहान गेओर्ग, पक्का ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटच. मदतीच्या खर्चापोटी त्यानं लुसाटिया प्रांत तारण म्हणून ठेवून घेतला, आणि 1635 मध्ये तो कायमचा त्याच्या पदरात पडला.

आता चौकातले क्रूस. 21 जून 1621 रोजी इथे 27 जणांना देहदंड दिला: 3 उमराव, 7 सरदार, 17 नागरिक. त्यांत येसेनियस होता, विद्यापीठाचा प्रमुख आणि नावाजलेला वैद्य. प्रागमध्ये 1600 साली लोकांसमोर शवविच्छेदन करून दाखवणारा तो हाच. त्याची आधी जीभ कापली. आणि त्यांत दिविश चेर्नीन नावाचा एक कॅथलिकही होता. खिडकीच्या दिवशी त्यानं बंडखोरांना किल्ल्यात येऊ दिलं होतं. 12 मुंडकी पुलाच्या बुरुजावर टांगली. त्यांतली बहुतेक दहा वर्षं तिथेच लटकत होती. 1631 मध्ये प्राग जिंकणाऱ्या सैन्याच्या काळात ती उतरवली गेली. सैन्य कुणाचं? त्याच योहान गेओर्गचं. एव्हाना त्यानं बाजू बदलली होती.

शिक्षेचा कार्यक्रम ज्याच्या देखरेखीखाली पार पडला तो कार्ल लिश्टेनश्टाइन जन्मानं प्रोटेस्टंट. खिडकीतून पडलेला स्लावाताही. बादशहाचा सेनापती वालेनश्टाइनही. तिघांनीही पंथ बदलला आणि तिघांचंही भलं झालं. बंडखोरांच्या जप्त जमिनी विकायला निघाल्या तेव्हा नाण्यातली चांदी कमी करून त्याच हलक्या पैशानं खरेदी करणारं एक टोळकं तयार झालं. त्यात लिश्टेनश्टाइन होता, वालेनश्टाइन होता, आणि हान्स दे विटे नावाचा सावकार होता. हा दे विटे मरेपर्यंत कॅल्विनपंथी! त्याच्या पंथाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वालेनश्टाइननं दोन डझन घरं पाडून बांधलेला वाडा बघायला मी पाहुण्यांना नेतेच, कारण बागेत मोर आहेत आणि तिकीट नाही.

हे सगळं सांगून पूर्वी मी ठसक्यात निकाल द्यायची, "बघा, धर्म नुसता झेंडा, खाली वतनाची भूक." पाहुणे खूश व्हायचे. आपण फसलो नाही असं वाटलं की माणूस खूश होतोच.

आता तसं म्हणवत नाही. वतनाचीच भूक असती, तर फर्डिनांडला जमिनी घेऊन गप्प बसता आलं असतं. त्यानं 1627 मध्ये फर्मान काढलं: सरदारांनी सहा महिन्यांत कॅथलिक व्हावं, नाहीतर मिळकत विकून देश सोडावा. शेकडो घराण्यांनी देश सोडला. एक प्रार्थना तोंडानं म्हटली असती तर वाडा, शेती, जंगल सगळं टिकलं असतं. इथल्या 200 कोरुनांच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे तो कोमेन्स्की प्रोटेस्टंट पाद्री होता. वाचवायला त्याच्याकडे जमीन नव्हतीच. 1628 मध्ये तो सरहद्द ओलांडून गेला, तो पुन्हा मायदेशी राहायला आला नाही. नेदरलँड्समध्ये वारला.

आणि जायचा पर्याय तरी कुणाला होता? शेतावरची कुळं जमिनीला बांधलेली. त्यांना मुभा नव्हती; मालक म्हणेल तो धर्म. त्यातल्या काही घरांनी कॅथलिक म्हणून चर्चला जात जात, चेक भाषेतलं बायबल दडवून, दीडशे वर्षं काढली. 1781 मध्ये बादशहा दुसऱ्या योसेफनं मोकळीक दिली तेव्हा ही माणसं उघडपणे पुढे आली. पाच-सहा पिढ्यांत त्यांना यातून गुंठाभर जमीन मिळाली नव्हती. तुमच्या 'की'मध्ये ही माणसं कुठे बसवू, काका?

चौकातून निघताना तुम्ही त्या मेरीच्या उंच स्तंभाचा फोटो काढलात. मूळ स्तंभ 1650 चा, स्वीडिश फौजांपासून शहर बचावलं म्हणून उभारलेला. नोव्हेंबर 1918 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर बिला होरावरच्या सभेहून आलेल्या जमावानं तो पाडला. त्यांना तो त्या लढाईतल्या विजयाचा खांब वाटला होता. तुम्ही पाहिलात तो 2020 सालचा. त्याला इतकी वर्षं लागली, कारण चौकाची जागा महापालिकेची, आणि तिथे मेरीला उभं करू द्यायचं का यावर नगरसेवकांचं एकमत होईना.